पिशवी कुणाच्या हातात

मूत्राशय काढावे लागलेल्या माणसाला आधाराची गरज असते, याबद्दल कुणाचेच दुमत नसते. डॉक्टर तसे सांगतात, नातेवाईक मान डोलावतात, शेजारीपाजारी ‘काही लागलं तर सांगा’ म्हणून जातात. आधार म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. स्टोमाची, म्हणजे पोटावर केलेल्या तोंडाची, काळजी घेणारी परिचारिका म्हणून काम करताना माझे एक मत पक्के होत गेले आहे. पोटावर लघवीची पिशवी घेऊन जगणाऱ्या माणसाला किती आधार मिळाला, हे त्याच्याभोवती किती माणसे उभी आहेत यावरून मी ठरवत नाही. पिशवी रिकामी करायला, काढायला आणि नवी लावायला त्याचा स्वतःचा हात किती लवकर तयार झाला, यावरून ठरवते. आपल्या घरांत याच्या उलट घडते. वॉर्डात पिशवी बदलायला शिकवायची वेळ झाली की पुढे येते ती बायको, नाहीतर सून किंवा मुलगी. रुग्ण तोंड भिंतीकडे वळवून पडून राहतो. घरी गेल्यावरही हीच व्यवस्था चालू राहते, आणि सगळे म्हणतात की घरच्यांनी फार केले. फार केले, यात शंका नाही. पण ज्याच्यासाठी केले तो त्यातून मोकळा झाला की घरात अडकला, हे पाहायचे राहून जाते.

माझा मुद्दा या शस्त्रक्रियेच्या रचनेतूनच निघतो, म्हणून ती थोडी समजावून सांगते. कर्करोग मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत पोहोचला की बहुतेकदा मूत्राशय काढण्याची वेळ येते. बिडी-सिगारेट हे या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग किरणोपचारानंतर परत आला, तर काही स्त्रियांचेही मूत्राशय काढावे लागते. कारण कोणतेही असो, मूत्रपिंडे लघवी तयार करतच राहतात आणि तिला नवी वाट करून द्यावी लागते. सर्वाधिक वापरली जाणारी वाट म्हणजे ‘इलियल कंड्युइट’. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातला साधारण १५ ते २० सेंटिमीटरचा तुकडा त्याच्या रक्तपुरवठ्यासह वेगळा करतात आणि उरलेले आतडे पुन्हा जोडून टाकतात. दोन्ही मूत्रवाहिन्या त्या तुकड्याला शिवतात, आणि त्याचे मोकळे टोक पोटावर, बहुधा उजव्या बाजूला, त्वचेबाहेर आणतात. सेंट लुईसचे अमेरिकन सर्जन यूजीन ब्रिकर यांनी १९५० मध्ये ही पद्धत मांडली. त्वचेबाहेर दिसणारे ते लाल, ओलसर तोंड म्हणजे स्टोमा. त्याला झडप नाही, ताब्यात ठेवणारा स्नायू नाही. लघवी थेंबाथेंबाने दिवसरात्र येत राहते. मलाची पिशवी असलेल्या माणसाला निदान काही तास उसंत मिळते, इथे ती मिळत नाही. पिशवी एकतृतीयांश ते अर्धी भरली की खालची तोटी उघडून रिकामी करावी लागते. नाहीतर वजनाने चकती त्वचेवरून सुटू लागते. पिशवी बदलताना जुनी काढल्यापासून नवी चिकटेपर्यंत त्वचा कोरडी राखायची असते आणि स्टोमा तेवढा वेळही थांबत नाही. म्हणून गॉजची गुंडाळी तोंडावर धरून काम उरकावे लागते. रात्रीचे पाणी बंद असल्याने सकाळी उठल्या उठल्या, चहाआधी, प्रवाह त्यातल्या त्यात कमी असतो. तीच पिशवी बदलण्याची वेळ.

आता हे सगळे दुसऱ्याच्या हातावर सोडले तर काय होते, ते पाहू. बदलण्याचे काम चार-पाच दिवसांतून एकदा येते, पण तोटी दिवसातून कितीतरी वेळा उघडावी लागते. ती उघडायलाही ज्याला बायको लागते, तो बायकोशिवाय बाजारात जात नाही, एसटीत बसत नाही, लग्नाकार्याला जात नाही. जावेच लागले तर पाणी पिणे कमी करतो. माझ्या कामात सर्वांत जास्त दिसणारी आणि सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट हीच आहे. पिशवी भरू नये म्हणून पाणी तोडायचे. लघवी दाट होते, वास वाढतो, आतड्याच्या तुकड्यातून येणारा चिकट पांढरा स्राव साचतो, स्टोमाभोवती खरखरीत खडे धरतात, त्वचा सोलवटते, जंतुसंसर्ग आणि मुतखड्याची शक्यता वाढते. त्वचा सोलवटली की चकती चिकटत नाही. चकती गळू लागली की माणूस आणखी घाबरतो आणि पाणी आणखी तोडतो. पुढे ताप आला की सगळे ‘ऑपरेशनचा त्रास’ म्हणून मोकळे होतात. शस्त्रक्रिया उत्तम झालेली असते. त्रासाची सुरुवात आपल्या पोटाकडे बघायचे टाळण्यापासून झालेली असते, आणि ते टाळणे घरच्यांनी प्रेमाने सोपे करून दिलेले असते.

हे केवळ माझे निरीक्षण असते तर मी इतक्या ठामपणे बोलले नसते. ब्रिटनमध्ये मोठ्या आतड्याच्या रुग्णांवर झालेली एक यादृच्छिक चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. ४२ रुग्णांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेआधीच घरी जाऊन पिशवीचे शिक्षण दिले होते, उरलेल्यांना नेहमीप्रमाणे नंतर. आधी शिकलेले सरासरी साडेपाच दिवसांत स्वतः पिशवी हाताळू लागले, नंतर शिकलेल्यांना नऊ दिवस लागले. चाचणी लहान होती आणि रुग्ण मलाच्या पिशवीचे होते, हे मान्य. पण डेन्मार्कमधल्या परिचारिकांनी हाच प्रश्न मूत्राशय काढलेल्या रुग्णांबाबत विचारला. त्यांनी आधी एक मोजपट्टी तयार केली. तिच्यात सात गोष्टी आहेत: स्टोमाकडे पाहण्याची रुग्णाची प्रतिक्रिया, पिशवी काढणे, स्टोमाचा व्यास मोजणे, त्या मापाचे भोक चकतीत कापणे, त्वचा स्वच्छ करणे, नवी पिशवी लावणे आणि तोटी उघडून रिकामी करणे. प्रत्येक गोष्टीला शून्य ते तीन गुण. या मोजपट्टीने पाहिल्यावर शस्त्रक्रियेआधी शिकवलेल्यांचे गुण नंतरच्या तपासण्यांत अधिक भरले, आणि हा फरक वर्षभरानंतरही टिकून होता. मला या मोजपट्टीतली सर्वांत महत्त्वाची वाटते ती पहिली पायरी. पाहणे हेही कौशल्यच मानले आहे. ते मोजता येते, म्हणून शिकवता येते. आपल्या वॉर्डांत ‘रुग्णाची मानसिक तयारी नाही’ असे लिहून जो विषय मिटतो, तो तिथे त्या दिवसाच्या कामाचा पहिला भाग आहे.

शस्त्रक्रियेआधी आणखी एक काम असते, आणि माणूस पुढे स्वावलंबी होणार की नाही हे पुष्कळसे त्यावरच ठरते. ते म्हणजे पोटावर जागेची खूण करणे. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या आणि स्टोमा परिचारिकांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्तपणे सांगितले की नियोजित शस्त्रक्रियेत ही खूण आधीच केली पाहिजे. रुग्णाला आडवे, बसवून, वाकवून आणि उभे करून पाहायचे. वळ्या, जुने व्रण, बेंबी आणि कमरेची रेषा टाळायची. पुस्तकातल्या या सूचना आपल्याकडे आणताना त्यांत भर घालावी लागते. परकराची नाडी कुठे बांधतात, नऊवारीचा ओचा कुठे खोचतात, धोतराची गाठ कुठे येते, हे विचारावे लागते. जेवायला मांडी घालून बसणाऱ्या आणि शौचाला उकिडवे बसणाऱ्या माणसाला तसे बसवूनच पोट पाहावे लागते, कारण खुर्चीवर सपाट दिसणारी त्वचा तिथे दुमडते. आणि सर्वांत मोठा प्रश्न: खाली पाहिल्यावर ती खूण त्याची त्याला दिसते का? सुटलेल्या पोटाच्या उतारावर, नजरेआड स्टोमा आला, तर तो माणूस कितीही हुशार आणि धीट असला तरी जन्मभर आरशाचा किंवा दुसऱ्याच्या हाताचा मिंधा राहतो. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मार्करने केलेल्या एका ठिपक्यात इतके सामावलेले असते. घाईच्या यादीत हा ठिपका सर्वांत आधी गळतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हाताला शिकवणारा कोण, याचे उत्तर इतिहासात आहे. ब्रिकर यांनी वाट शोधली तेव्हा तिच्यावर लावायला धड पिशवी नव्हती. रबराची जड साधने डिंकाने चिकटवून पट्ट्याने बांधावी लागत. डेन्मार्कमध्ये एलिझे सोरेन्सन या परिचारिकेने १९५४ मध्ये चिकटणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीची कल्पना काढली, ती स्टोमा झालेल्या तिच्या बहिणीसाठी. अमेरिकेतील क्लीव्हलँडमध्ये डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी १९५८ मध्ये नॉर्मा गिल यांना कामावर घेतले. त्या डॉक्टर नव्हत्या, परिचारिका नव्हत्या. स्वतः स्टोमा घेऊन जगणाऱ्या गृहिणी होत्या. दोघांनी मिळून सुरू केलेल्या प्रशिक्षणातून आमचा व्यवसाय उभा राहिला. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयाच्या आधाराने १९७० च्या दशकात ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया सुरू झाली, तीही रुग्ण आणि वैद्यकीय मंडळींच्या एकत्र येण्यातून. या विद्येत रुग्ण हा सुरुवातीपासून शिक्षक आहे. मी व्यास मोजायला शिकवू शकते, त्वचेचे औषध सांगू शकते. पण लोकलच्या गर्दीत पिशवी कशी सांभाळावी, झोपताना तोटीला रात्रीची मोठी पिशवी जोडल्यावर नळीला पीळ पडू नये म्हणून काय करावे, नोकरीवर कुणाला सांगावे आणि कुणाला नाही, हे ज्याने केले आहे त्याने सांगितले की पटते. शर्ट-पँट घालून समोर बसलेल्या माणसाच्या पोटावर तीच पिशवी आहे आणि ती कळूनही येत नाही, हा पुरावा माझ्या कोणत्याही बोलण्यापेक्षा मोठा असतो.

मात्र आधी यातून गेलेला हा सोबती योग्य हवा. मूत्राशयाच्या जागी आतड्याचेच नवे मूत्राशय, म्हणजे निओब्लॅडर, करून घेतलेल्यांना पिशवीवाल्यांच्या बैठकीत बसवले तर त्यांना तिथे आपले काहीच सापडत नाही. बाहेरून ते ‘पहिल्यासारखे’ दिसतात, म्हणून त्यांना आधार लागत नाही असा समज आहे. तो साफ चुकीचा आहे. नव्या मूत्राशयाला भरल्याची जुनी जाणीव नसते. घड्याळ लावून, रात्रीही गजराने उठून लघवीला जावे लागते, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल सोडून पोटाने जोर द्यायला शिकावे लागते. रात्री अंथरूण ओले होते. काहींना, विशेषतः स्त्रियांना, लघवी पूर्ण बाहेर पडत नाही म्हणून स्वतः नळी घालावी लागते. आतड्याचा स्राव अडकून कोंडमारा होतो. आतडे लघवीतले क्षार पुन्हा शोषून घेत असल्याने रक्तातील आम्लता वाढून थकवा आणि अरुची येते, त्यासाठी सोडा बायकार्बच्या गोळ्या लागतात. कोणती वाट जगायला बरी, याचा पुरावा वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्याने शोधला, तेव्हा निर्णय देण्याइतका तो भरला नाही. म्हणून ‘पिशवी नको म्हणून निओब्लॅडर’ असे सांगणाऱ्या रुग्णाला मी दोन्ही प्रकारच्या माणसांशी बोलायला सांगते. तिथेही प्रश्न तोच असतो: रात्री दोनला उठणे, नळी घालणे हे तुमच्या हाताला जमेल का?

यावर मला नेहमी ऐकावा लागणारा आक्षेप असा: आपल्याकडे घर हीच व्यवस्था आहे, परदेशासारखी दारी येणारी परिचारिका नाही. मग घरच्यांना बाजूला सारून काय मिळवायचे? घरच्यांना बाजूला सारावे असे मी म्हणत नाही. त्यांनी रुग्णानंतर शिकावे, त्याच्या आधी नव्हे. नजर गेलेला, पक्षाघाताने एक हात निकामी झालेला किंवा हात थरथरणारा म्हातारा माणूस चकती कापू शकत नाही. तिथे घरच्यांनीच करायचे, आणि एकाने नाही तर दोघांनी शिकायचे, म्हणजे एकटी सून आजारी पडली तर खोळंबा होणार नाही. पण अशा माणसालाही बहुधा तोटी उघडता येते, आणि ती त्याची त्यानेच उघडावी. या आक्षेपात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ‘घर करते’ हे पुरुष रुग्णाबद्दल खरे असते. रुग्ण स्त्री असेल तर पिशवी शिकायला नवरा क्वचितच पुढे येतो. ती एकटी शिकते, आणि शिकतेही लवकर. पण चकती गळते, अंथरूण भिजते, याबद्दल बोलायला तिला कुणी मिळत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगानंतर पिशवी आलेल्या बाईच्या शरीरात योनिमार्गालाही धक्का लागलेला असतो. पुरुषांतही या शस्त्रक्रियेनंतर लिंगाच्या ताठरतेचा प्रश्न येतो. दोन्ही गोष्टी शस्त्रक्रियेआधी, दार लावून, पती-पत्नींना एकत्र बसवून सांगायच्या असतात. स्त्रियांसाठी स्त्री सोबतीण लागते. ती मिळणे कठीण असते, म्हणून जी सापडेल तिला विनंती करून जोडून ठेवावे लागते.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. एक चांगली पिशवी काही शे रुपयांना पडते आणि ती जन्मभर लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजना रुग्णालयातील उपचारांभोवती उभ्या आहेत. घरी गेल्यावर दर आठवड्याला लागणारी पिशवी हा रुग्णाचा स्वतःचा खर्च होऊन बसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत स्टोमा हा वेगळा प्रकार नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून उपचार घेणारी विदर्भ-खानदेशातली कुटुंबे पुढच्या पिशवीचे पैसे कुठून आणायचे या चिंतेत असतात, तेव्हा कौशल्याची भाषा त्यांना अपुरी वाटली तर चूक त्यांची नाही. शिकलेला हात पिशवीची किंमत भरत नाही, आणि सरकारने पिशव्यांना औषधाचा दर्जा देऊन त्या जिल्हा रुग्णालयातून द्याव्यात, ही मागणी मी सोडणार नाही. तरीही खर्चाचा मोठा भाग वाया जाण्यात असतो. स्टोमा पहिल्या सहा-आठ आठवड्यांत आक्रसतो. वॉर्डात कापून दिलेल्या जुन्या मापाचेच भोक कापत राहिले तर उघड्या राहिलेल्या त्वचेवर लघवी लागते आणि चार दिवस टिकणारी पिशवी दररोज बदलावी लागते. स्टोमाचा व्यास मोजायची पट्टी कागदाची असते, फुकट मिळते. तिचा उपयोग ज्याला कळला त्याचा महिन्याचा खर्च निम्म्याहून कमी होऊ शकतो.

तिसरी अडचण कुणी आक्षेप म्हणून मांडत नाही, मनात ठेवतो. देवपूजा चालेल का, सोवळे राहील का, वारीला जाता येईल का, नमाज होईल का? यावर ‘हे सगळे सोडा’ असे म्हणणे उद्धटपणा आहे. नीट लावलेली पिशवी बंद असते, वास देत नाही, तिच्यासह आंघोळ करता येते, हे मी सांगू शकते. सतत लघवी येणाऱ्या व्यक्तीने प्रत्येक नमाजाच्या वेळेसाठी नव्याने वजू करावा, अशी सवलत मुस्लिम धर्मशास्त्रात आहे. ती मौलवींकडून ऐकली की मनाला पटते. वारीत चालून आलेला स्टोमाधारक दुसऱ्या वारकऱ्याला जे पटवतो, ते माझ्या गणवेशातून पटत नाही.

उरतो प्रश्न गावी परतल्यानंतरचा. तालुक्याच्या डॉक्टरांनी असा स्टोमा कदाचित पाहिलेलाच नसतो. म्हणून रुग्णाने निदान दोनदा, आम्ही हात न लावता, पिशवी पूर्ण बदलून दाखवल्याशिवाय त्याला घरी सोडू नये असे माझे म्हणणे आहे. आणि सोडताना हातात मराठीतले एक कार्ड द्यावे. त्यावर शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख, स्टोमाचे माप, पिशवीचे नाव आणि क्रमांक असावा. लघवीची तपासणी पिशवीत साचलेल्या लघवीवर करू नये, स्टोमातून नळीने ताजा नमुना घ्यावा, असे डॉक्टरांसाठी लिहिलेले असावे. आतड्यातून येणाऱ्या लघवीत जंतू सापडतातच, ताप किंवा त्रास नसेल तर केवळ अहवाल पाहून अँटिबायोटिक देऊ नये, हेही. निओब्लॅडर असेल तर अडलेल्या लघवीसाठी नळी घालताना स्राव धुऊन काढावा लागतो, ही सूचना. आणि रुग्णासाठी, ठळक अक्षरांत: काही तास पिशवीत लघवीच आली नाही, थंडी वाजून ताप आणि कमरेत कळ आली, किंवा स्टोमाचा लाल रंग जाऊन तो जांभळा-काळा दिसू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. हे रंग ओळखायला त्याने रोज आपल्या पोटाकडे पाहिलेले असावे लागते.